तासिकेचा रोजमेळ

भुसावळजवळच्या दीपनगरची ओळख दुरूनच दिसणाऱ्या उंच धुराड्यांनी होते. औष्णिक वीज केंद्राच्या आधाराने वसलेली ही वसाहत. येथे कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते आणि माणसे महाराष्ट्राच्या सर्व कोपऱ्यांतून बदलीवर येतात. त्यामुळे अशा वसाहतीच्या शाळेत एकाच बाकावर घरी अहिराणी बोलणारा मुलगा, लेवा गणबोलीत वाढलेली मुलगी आणि चंद्रपूर किंवा परळीहून वडिलांच्या बदलीबरोबर नुकताच आलेला विद्यार्थी शेजारी शेजारी बसू शकतात. त्यांच्या मागच्या बाकावर बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराचा मुलगा असतो. शाळा सुटली की त्याला गल्ल्यावर बसायचे असते.

अशा शाळेत जूनच्या मध्यावर रुजू होणाऱ्या एका इतिहास-शिक्षिकेची कल्पना करावी. ती व्यापारी घरातील आहे. बी.एड. पूर्ण झाले आहे, पाठ टाचणांची वही नीटनेटकी आहे आणि विषयावर मनापासून प्रेम आहे. नववी आणि दहावीचे वर्ग तिच्याकडे आले आहेत. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात पन्नासच्या आसपास मुले. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात येते की शिकवायचे ठरवलेल्या पस्तीस मिनिटांपैकी निम्मीसुद्धा हाती लागत नाहीत. हजेरीत सात मिनिटे जातात. नकाशा वाटताना गोंधळ होतो. कोणी पाणी पिण्यास जाऊ का म्हणून विचारतो, कोणी वही घरी विसरलेला असतो. आवाज चढवला की वर्ग क्षणभर शांत होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. शनिवारी घरी येताना तिचा घसा बसलेला असतो आणि मनात एकच प्रश्न असतो: आपण या कामास योग्य नाही काय?

वडील दुकान वाढवून आलेले असतात. मुलीचे सारे ऐकून घेऊन ते एवढेच विचारतात, ‘‘बेटा, दुकानाचे शटर उघडताच आपण गिऱ्हाईक आत घेतो का?’’

‘‘नाही पप्पा. आधी झाडलोट, मग गल्ला, काटा, बैठक.’’

‘‘आणि दुकान वाढवताना?’’

‘‘रोजमेळ.’’

‘‘मग तुझ्या वर्गाची झाडलोट कोणती आणि रोजमेळ कोणता, ते आधी ठरव.’’

कल्पनेतील या संवादात वर्ग-व्यवस्थापनाचे मर्म आले आहे. पेढी आवाज चढवल्याने चालत नाही, ती रीतीने चालते. गिऱ्हाईक येण्यापूर्वी काय व्हावे, गर्दीत काय व्हावे, दिवस संपताना काय व्हावे, हे ठरलेले असते आणि घरातल्या लहानग्यालाही ते ठाऊक असते. दीपनगरच्या मुलांना हेच दुसऱ्या एका उदाहरणाने समजते. वीज केंद्रात पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची स्थिती सांगतो, नोंदवहीत लिहितो आणि मगच बाहेर पडतो. त्या नोंदीत हयगय झाली तर त्याचा परिणाम दूरवरच्या घरांतील दिव्यांपर्यंत पोहोचू शकतो. वर्गातही प्रत्येक तासिकेला एक पाळी बदलते. गणिताचे शिक्षक जातात, इतिहासाच्या बाई येतात. त्या दोन मिनिटांत काय घडावे हे ठरलेले नसेल तर पुढील तेहतीस मिनिटे सावरण्यातच जातात.

गोंधळ झाल्यावर काय, की गोंधळाआधी काय?

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी केला. शांत वर्ग आणि बेशिस्त वर्ग यांची चित्रफितींच्या साहाय्याने तुलना करून त्यांनी १९७० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. आरंभी त्यांना वाटत होते की यशस्वी शिक्षक दंगा झाल्यावर काही वेगळे करीत असावेत, त्यांचे रागावणे अधिक परिणामकारक असावे. प्रत्यक्षात दंगा झाल्यानंतरच्या वागण्यात दोन्ही प्रकारच्या शिक्षकांत फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो दंग्याच्या आधी. यशस्वी शिक्षकाचे लक्ष संपूर्ण वर्गावर असे, एका मुलाशी बोलतानाही दुसऱ्या कोपऱ्यातील हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना तो वेळ मोकळा सोडत नसे.

अनुभवी दुकानदाराला हे नवीन नाही. तो एका गिऱ्हाइकाला कापड दाखवतो, दुसऱ्याला ‘या, बसा’ म्हणतो आणि तिसऱ्याचे सुटे पैसे मोजतो. तिघांनाही वाटते की त्याचे लक्ष आपल्याकडेच आहे. ही कला उपजत नसते, सवयीने येते. म्हणूनच ‘मला वर्ग आवरत नाही’ हा नव्या शिक्षकाने स्वतःवर मारलेला कायमचा शिक्का असू नये. त्याचा अर्थ इतकाच की रीती अजून बसलेल्या नाहीत.

पहिली योजना फसली म्हणून खचण्याचेही कारण नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे मोठे काम करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील होते. ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात त्यांनी एका कल्पित शिक्षकाच्या प्रयोगाची कथा सांगितली आहे. हा शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि सपशेल फसतो. मुले आरडाओरडा करतात, त्याची तयारी धुळीस मिळते, आणि शेवटी मुलांना सुट्टी देऊन तो मुख्याध्यापकांची नाराजी ओढवून घेतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्टीपासून सुरुवात करतो आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. गोष्टीने मने जोडल्यावर तो हळूहळू स्वच्छता, वाचन आणि वर्गातील शिस्त यांच्या रीती रुजवतो. भारतातील शिक्षकांच्या अनेक पिढ्यांनी या कथेतून धीर घेतला, कारण त्या कथेतील शिक्षक पहिल्याच दिवशी हरतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी शाळेत येतो.

अमळनेरचे छात्रालय

खानदेशापुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण अमळनेरचे आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत जे असते ते तेथेही होते. अंथरुणे पसरलेली, कपडे विखुरलेले, कंदिलाच्या काचा काजळलेल्या.

गुरुजींनी नियमांची पाटी लावून सुरुवात केली नाही. मुले शाळेत असताना ते स्वतः खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, काचा पुसून ठेवीत. मुलांना प्रथम आश्चर्य वाटले, मग संकोच वाटला आणि अखेरीस ती कामे मुले स्वतः करू लागली. याच काळात गुरुजींनी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित पत्र चालवले. रोज स्वतः लिहून ते मुलांना वाचण्यासाठी लावून ठेवीत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली, परंतु ‘गुरुजी’ हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले, ते या सहा वर्षांचेच देणे.

हे उदाहरण केवळ भावनेने वाचले तर त्यातील व्यवस्था नजरेआड होते. हस्तलिखित दैनिक ही एक रीत होती. ते रोज निघत होते, ठरलेल्या ठिकाणी लागत होते आणि त्यामुळे मुलांचा दिवस वाचनाने सुरू होत होता. प्रेम मोठे होतेच, पण ते रोजच्या ठरलेल्या कामातून व्यक्त होत होते. मुलाला ‘शिस्तीत राहा’ असे सांगणे आणि शिस्त म्हणजे नेमके काय करायचे हे स्वतः करून दाखवणे, यांत मोठे अंतर आहे.

पस्तीस मिनिटांची वाटणी

दीपनगरच्या त्या कल्पित वर्गात आता रीती कशा बसवाव्यात? पहिली पाच मिनिटे प्रवेशाची. बाई वर्गात येण्यापूर्वीच वर्गप्रमुख फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवतो. तो प्रश्न कालच्या पाठावरचा, दोन ओळींत उत्तर देता येईल असा असतो. मुले बसतात, वही उघडतात आणि लिहू लागतात. तोवर बाई रिकाम्या जागा पाहून हजेरी टिपून घेतात. पन्नास नावे मोठ्याने पुकारण्याची गरज उरत नाही. उशिरा येणाऱ्याने दारात उभे राहून कारण सांगत बसायचे नाही. त्याने मागच्या बाजूने येऊन जागेवर बसावे आणि कारण तास संपल्यावर सांगावे. त्याचा खुलासा ऐकण्यासाठी एकोणपन्नास जणांचे काम थांबवणे तोट्याचे आहे.

पुढची बारा मिनिटे कथनाची. इतिहासाच्या शिक्षकाचे खरे भांडवल कथन हेच आहे. परंतु बारा मिनिटांनंतर नववीच्या मुलांचे लक्ष ढळू लागते, म्हणून येथे थांबावे. त्यानंतरची दहा मिनिटे साधनांची. एखादा उतारा, नकाशा, जुने छायाचित्र किंवा नाणे यांवर दोघा-दोघांनी मिळून काम करायचे. प्रत्येक रांगेतील पहिल्या मुलाने नकाशे मागे पाठवायचे आणि शेवटच्याने पुढे आणायचे, हे एकदा ठरले की वाटपाचे काम मिनिटभरात आटोपते. नंतरची पाच मिनिटे रोजमेळाची: आज काय जमा झाले, आणि कोणती शंका येणे बाकी आहे? प्रत्येक मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर या दोन नोंदी एकेका वाक्यात करायच्या. उरलेली तीन मिनिटे आवराआवर, गृहपाठ आणि पुढच्या शिक्षकांसाठी फळा पुसून ठेवणे.

रोजमेळाचा खरा लाभ बाईंना होतो. संध्याकाळी दहा वह्या जरी चाळल्या तरी वर्गाची शिल्लक कळते. तीस मुलांनी एकच शंका लिहिली असेल तर दोष मुलांचा नव्हे, कथनाचा आहे, आणि उद्याच्या फळ्यावरचा प्रश्न कोणता हेही त्यातूनच ठरते. जो व्यापारी रोज मेळ घालतो त्याला वर्षअखेरीस धक्का बसत नाही. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा चाळीस गुणांची असते. त्या गुणांची चिंता फेब्रुवारीत करण्यापेक्षा जूनपासून रोज पाच मिनिटे करणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत असावी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७० च्या दशकात असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे मोठी होतात आणि अधिक मुले बोलू लागतात. बदलीवर आलेल्या, अजून बोलीभाषेतच विचार करणाऱ्या मुलासाठी हे दोन जास्तीचे सेकंद फार मोलाचे आहेत. म्हणून आधी प्रश्न, मग मनातल्या मनात तीन अंक आणि त्यानंतर नाव, असा क्रम ठेवावा. नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करण्याचे सोडून देतो.

या सर्व रीती सांगून बसत नाहीत, त्या करून घ्याव्या लागतात. पहिले दोन आठवडे अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल, पण नकाशे वाटणे, जोडीने बसणे आणि हात वर होताच शांत होणे यांचा सराव झालाच पाहिजे. येथे कंजूषपणा केला तर वर्षभर व्याज भरावे लागते.

वर्गातील मोठ्या वा हुशार मुलांची मदत घेणे हीदेखील या भूमीतील जुनी पद्धत आहे. देशी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे गिरवीत आणि पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. हे पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत तशी व्यवस्था घडवली, १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेथे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. फरक एवढाच असावा की आजच्या वर्गप्रमुखाने दंगेखोरांची नावे फळ्यावर लिहू नयेत. त्याने मदत करावी, पहारा करू नये. आणि हे काम दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याकडे जावे, म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलालाही जबाबदारीचा अनुभव येतो.

छडीविना शिस्त

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होत असे, आणि त्यामागे छडीही असे. ‘छडी लागे छमछम’ हे कौतुकाने सांगणारे आजोबा अजूनही अनेक घरांत आहेत. परंतु बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा असला तरी नववीत गेल्याने मुलाचा मान कमी होत नाही. येथे दुसरी मनाई अधिक विचार करण्याजोगी आहे. सगळ्यांसमोर केलेला उपहास, वडिलांच्या धंद्यावरून मारलेला टोमणा, ‘तुला काय, दुकानच सांभाळायचे आहे’ हे वाक्य: यांचे वळ दिसत नाहीत, पण ते राहतात.

मग चुकणाऱ्या मुलाचे काय करावे? त्यासाठीही पायऱ्या ठरलेल्या असाव्यात. पहिली पायरी नजरेची. दुसरी, शिकवणे न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहण्याची. तिसरी, हळू आवाजात नाव घेण्याची. चौथी, तास संपल्यावर एकट्याशी बोलण्याची. आणि पाचवी, घरी कळवण्याची. पहिल्या तीन पायऱ्यांवर बहुतेक प्रसंग निभावतात, कारण तेथे मुलाला माघार घेण्यास जागा असते. सर्व वर्गासमोर त्याला उभे केले की ती जागा संपते आणि साधी कुजबुज प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसते.

इतिहासाच्या तासाची वेगळी जबाबदारी

येथवर जे सांगितले ते कोणत्याही विषयाला लागू पडेल. इतिहासाच्या वर्गात मात्र आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते. बीजगणिताच्या तासाला कोणाचे आडनाव येत नाही, इतिहासाच्या तासाला येते. एखाद्या सुलतानाचे नाव निघाले की वर्गातील अनेक माना एका मुलाकडे वळतात. जातीव्यवस्थेचा उल्लेख झाला की कोणी दुसऱ्याकडे पाहून हसतो. फाळणीचा धडा चालू असताना कोणाच्या तरी तोंडून असा शब्द निघतो की एक मुलगी उरलेली वीस मिनिटे मान वर करीत नाही. हा आवाजाचा गोंधळ नव्हे. वर्ग अगदी शांत असतानाही तो घडतो, म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

यासाठीची रीत घटना घडण्यापूर्वी, जूनमध्येच ठरवावी लागते. व्यापारी घरातील शिक्षिकेला ती आपल्या भाषेत सहज सांगता येईल: एकाच्या नावे असलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची नाही. चारशे वर्षांपूर्वी कोणी काय केले ते त्याच्या खात्यावर राहील. बाकावर शेजारी बसलेल्या मित्राचे खाते वेगळे आहे, ते कोरे आहे आणि ते तो स्वतः लिहिणार आहे. दुसरी रीत अशी की कोणतेही ठाम विधान करणाऱ्याला संपूर्ण वर्गाने एकच प्रश्न विचारायचा, ‘साधन कोणते?’ मोबाईलवर आलेला संदेश हे उत्तर असेल तर पुढचा प्रश्न, ‘तो कोणी लिहिला आणि कधी?’ नववीच्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ इतिहासाच्या साधनांनी होतो आणि दहावीचा इतिहासलेखनाच्या परंपरांनी. ही दोन प्रकरणे केवळ गुणांसाठी ठेवलेली नाहीत, ती वर्षभराची वर्तणूक शिकवतात.

या सरावासाठी खानदेशातीलच प्रसंग घ्यावा. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. एकेकाळी फारुकी राजांची राजधानी असलेले हे गाव. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉप याचे इंग्रज सैन्य किल्ल्यापुढे आले. दाराशी बोलणी चालू असताना आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर हल्ला झाला, त्यात काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर इंग्रजांनी आतील शिबंदीची कत्तल केली आणि आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिले. हा विश्वासघात होता, की परस्परांची भाषा न समजल्याने झालेला अनर्थ? किल्लेदार दोषी होता काय? पुढे ब्रिटिश संसदेतही या फाशीवर आक्षेप घेतले गेले. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने इंग्रज सेनापतीची बाजू लिहावी, दुसऱ्याने किल्लेदाराच्या कुटुंबाची, आणि दहा मिनिटांनी कागदांची अदलाबदल करावी. ज्या मुलाने दोन्ही बाजू स्वतःच्या हाताने लिहिल्या, तो कोणाकडेही मान वळवून हसण्यापूर्वी थोडा थांबेल.

घरातील कपाटात असलेले साधन

अशा वर्गाला व्यापारी कुटुंबे फार मोठी मदत करू शकतात, आणि तीही पैशाची नव्हे. अनेक घरांत जुन्या, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात बांधून ठेवलेल्या आहेत. कधी मोडी, कधी महाजनी, कधी गुजराती अक्षरांत. दिवाळीला त्यांचे पूजन झाले, पुढे त्या जुन्या झाल्या आणि एखाद्या साफसफाईत रद्दीत जाण्याच्या वाटेवर आहेत. इतिहासाच्या दृष्टीने त्या अस्सल साधन आहेत. धान्याचा भाव, हमाली, भाड्याची बैलगाडी, लग्नाचा खर्च, दुष्काळातील उधारी: यांची नोंद राजांच्या बखरीत मिळत नाही, ती वहीत मिळते.

उदाहरणार्थ, विक्रम संवत १९९८ ची वही घ्यावी. कार्तिकापासून सुरू होणारे हे वर्ष म्हणजे १९४१ च्या दिवाळीपासून १९४२ च्या दिवाळीपर्यंतचा काळ. संवतातून ५७ किंवा ५६ वजा करून इसवी सन काढणे हाच मुळात कालगणनेचा सुंदर पाठ आहे. जग महायुद्धात होते, देशात ‘चले जाव’ची हाक दिली गेली होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा व्यापारी घरातील शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती हाती तिरंगा असताना पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या आठवड्यात बाजार बंद होता काय? रॉकेल कोणत्या भावाने गेले? वहीतील कोरी पानेही काही सांगतात काय? दहावीच्या पुस्तकातील ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हे प्रकरण अशा एका वहीने जिवंत होते. वही शाळेत पाठवण्याची आवश्यकता नाही. दोन पानांचे छायाचित्र पुरे, आणि देण्याघेण्यातील माणसांची नावे झाकलेली असावीत, कारण जुन्या कर्जाची लाज आजच्या नातवाला वाटता कामा नये.

दीपनगरच्या मुलांना असे साधन घरातही सापडते. नववीच्या पुस्तकातील इतिहास १९६० नंतरच्या भारताचा आहे, आणि त्यांची वसाहत त्याच काळाचे अपत्य आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० ची, त्याची विभागणी २००५ ची. निवृत्त झालेले आजोबा, पाळीवरून परतलेले वडील, जमीन प्रकल्पात गेलेला शेजारच्या गावचा शेतकरी यांना चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणणे हा त्यांचा प्रकल्प होऊ शकतो. जवळच, तापीपलीकडे फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तेथे झाले, पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्याने नगर सजवले होते. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. इतिहास दूर कोठे दिल्लीत घडतो, हा समज खानदेशच्या मुलाने बाळगण्याचे कारण नाही.

पालकांकडून आणखी दोन अपेक्षा आहेत. सणासुदीच्या गर्दीत किंवा लग्नसराईत मुलाला दुकानासाठी, समारंभासाठी घरी ठेवताना त्या दिवसाचा रोजमेळ मित्राकडून उतरवून घेण्यास त्याला सांगावे. आणि रात्री जेवताना ‘किती गुण मिळाले’ याऐवजी ‘आज कोणती शंका बाकी राहिली’ असे विचारावे. ज्या घरात शंकेला मान आहे, त्या घरातील मूल वर्गातही निर्भयपणे हात वर करते.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दीपनगरच्या त्या वर्गात काय बदललेले असेल? सगळेच बदलेल असे नाही. पाच-सहा मुले अजूनही वही विसरतील. पावसाळी दुपारी, शेवटच्या तासिकेला, कुजबुज होईलच. पण बाईंचा घसा बसणार नाही. हजेरी न पुकारता होईल. आणि एखाद्या दिवशी, कोणाचे तरी आडनाव धड्यात आले असता कोणी मान वळवू लागेल, तेव्हा मागच्या बाकावरून गल्ल्यावर बसणाऱ्या त्या मुलाचाच आवाज येईल, ‘‘ए, त्याचे खाते वेगळे आहे.’’

त्या दिवसाच्या रोजमेळात बाईंना दुसरी नोंद करण्याची गरज भासणार नाही.